वाड्यातलं प्रेत खरं की नाटकातलं?

फैजपुरात रहस्य आणि प्रेम एकत्र असलेल्या हलक्याफुलक्या कादंबरीवर बोलायचं ठरलं, तेव्हा आम्हाला आधी १९३६ चा डिसेंबर आठवला. संबंध काय, म्हणाल. सांगतो. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं. नंदलाल बोस यांनी त्यासाठी बांबूचं टिळकनगर सजवलं, अध्यक्ष नेहरू बैलांच्या रथातून आले. थोड्या दिवसांपुरतं उभं राहिलेलं गाव ते. आता कल्पना करा, कुणी तेच टिळकनगर केळीच्या बागांशेजारी रिसॉर्ट म्हणून पुन्हा उभारलं. पाहुण्यांना खादी दिली, मोबाइल काढून घेतले, स्वयंसेवक म्हणून पगारी नट ठेवले. त्यातला एकजण एका पाहुणीकडे बघून हसला, तर ते हसू त्याचं की पगाराचं?

शॅनन हेल या अमेरिकी लेखिकेनं नेमका हाच पेच पकडलाय. तिची 'ऑस्टेनलँड' २००७ ची, तिच्यावर २०१३ मध्ये चित्रपटही आला. आपण बोलणार आहोत ते २०१२ च्या 'मिडनाइट इन ऑस्टेनलँड'बद्दल. इंग्लंडमधलं पेम्ब्रुक पार्क हे ठिकाण. तिथे जेन ऑस्टेनच्या काळातले कपडे घालायचे, तसंच बोलायचं, नाचायचं, आणि प्रत्येक पाहुणीवर प्रेम करायला एक नट नेमलेला. पैसे भरून प्रेम! हसू येतं खरं, पण नायिका शार्लट तिथे का येते ते ऐका. नवरा दुसरीत गुंतला आणि तिला पत्ताही लागला नाही. घटस्फोट झालाय, दोन मुलं आहेत. माणसं आपल्याला ओळखताच येत नाहीत, ही टोचणी घेऊन ती आलीय.

आणि ती येते कुठे? तर जिथे सगळेच मुखवटे घालून वावरतात, अशा जागी. गंमत म्हणून एक जुनं रहस्यही पाहुण्यांना सोडवायला दिलेलं असतं. मग एका रात्री अंधारात खेळ चालू असताना तिच्या हाताला प्रेतासारखं काहीतरी लागतं. नंतर बघावं तर काहीच नाही. आता हे करमणुकीतलं की खरं? विचारणार कुणाला? जो उत्तर देईल तोही नटच.

इथं लेखिकेनं जेन ऑस्टेनचाच धागा उचललाय. 'नॉर्दँगर अ‍ॅबे'मधली कॅथरीन भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचून वाचून इतकी भारलेली, की जुन्या कपाटात कागदांची गुंडाळी सापडताच तिची झोप उडते. सकाळी बघते तर धोब्याची बिलं! तिच्या संशयाची चेष्टा होते. शार्लटलाही तीच भीती: आपलंही धोब्याचं बिल निघालं तर?

आपल्याकडे हा खेळ देवलांनी 'संशयकल्लोळ'मध्ये रंगवला. एक तसबीर भलत्याच हाती पडते आणि फाल्गुनराव त्यावरून अख्खं प्रकरण रचतो. पण फाल्गुनरावाचं दुखणं उलटं आहे. त्याला नाही ते दिसतं. शार्लटला संसारात होतं तेही दिसलं नव्हतं. म्हणून फाल्गुनरावाचा संशय खोटा ठरला की नाटक सुखान्त होतं. शार्लटला मात्र आपला संशय टिकवून धरावा लागतो, लोक हसले तरी. आमच्या मते कादंबरीचा जीव इथे आहे, प्रेमप्रसंगांत नाही. ते कधीकधी जरा जास्तच गोड झालेत.

रचनेतली खुबी अशी की खून आणि प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी उरतच नाहीत. कोण कधी भूमिकेबाहेर येतो, कुणाचं वाक्य पाठ केल्यासारखं नाही, हे टिपणं म्हणजेच तपास. खुणा त्याच, खुनी ओळखायलाही आणि प्रियकर ओळखायलाही. तिच्यावर प्रेम करायला नेमलेला एक, भाऊ म्हणून नेमलेला दुसरा. वाचताना या दोघांवर नजर ठेवा. याहून जास्त आम्ही सांगणार नाही, आणि कृपा करून प्रश्नोत्तरांतही कुणी खुन्याचं नाव विचारू नका.