घराचा हिशेब मांडताना गाडीतले तासही धरा

भाड्याची खोली सोडून स्वतःचे घर बांधावे, ही कष्टकरी कुटुंबाची रास्त इच्छा. आम्हीही कुर्ल्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून बदलापूरला घर बांधण्याचा हिशेब मांडला. जागा, पाया, विटा, सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी, स्लॅब, पाणी, वीज, सारे वहीत उतरवले. मुंबईच्या मानाने घर स्वस्त पडत होते.

तेवढ्यात थोरल्या मुलीने विचारले, "मग बाबा रात्री घरी किती वाजता येणार?"

तेव्हा दुसरा हिशेब मांडला. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर. लोकलला सुमारे दीड तास. दोन्हीकडची पायपीट धरून एका वेळचे दोन तास. कुर्ल्याहून एकच लागतो. म्हणजे रोज दोन तास जादा. वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरले तर ६०० तास. आठ तासांच्या ७५ पाळ्या झाल्या, त्याही बिनपगारी! शिवाय पासाचा जादा खर्च आणि दारात लटकण्याचा धोका.

म्हणून तिकडे जाऊच नये असे नव्हे. आम्ही मुलीची दहावी होईपर्यंत थांबायचे ठरवले. तोवर पैसा बँकेत साठवू.

वाचक बंधू-भगिनींनो, विसार देण्यापूर्वी सातबारा आणि बांधकाम परवाना पाहाच. पण रविवारी रिकाम्या गाडीने जागा पाहून भुलू नका. आठवडाभर कामाच्या वेळेला तिथून ये-जा करून पाहा. घर माणसांसाठी आहे. नुसते झोपायला येण्यासाठी नव्हे.