दुसऱ्यांचे चेहरे

हुरड्याचे दिवस होते. मंगळवेढ्यात हे दिवस आले की प्राध्यापकालाही शेताचे बोलावणे येते, आणि तेही व्याकरण बाजूला ठेवून आनंदाने जातो. त्या दिवशी मात्र शेताचा मालकच माझ्या घरी आला. हातात हुरड्याची पिशवी आणि चेहऱ्यावर काळजी. मागे त्यांची मुलगी उभी होती. ती आमच्या कॉलेजात बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला, माझ्याच वर्गात.

“सर, पोरीचं डोकं फिरलंय,” ते बसायच्या आधीच म्हणाले. “तोंडं रंगवायला मुंबईला जायचं म्हणती. तुमचं ऐकती, तुम्हीच सांगा.”

या मुलीची हकिगत गावाला ठाऊक आहे. नवव्या वर्षी तिने एका नाटकात मुक्ताबाईचे काम केले होते. जत्रांतून आणि पंढरपूरच्या वाटेवरच्या गावांतून तो प्रयोग पुष्कळ ठिकाणी झाला. बायका तिच्या पाया पडत. पुढे ती उंच झाली, फ्रॉक जाऊन ओढणी आली, मुक्ताबाई दुसऱ्या एका लहानगीकडे गेली आणि पाया पडणाऱ्या बायका तिला ओळखेनाशा झाल्या. बालनटाच्या आयुष्यात हा दिवस ठरलेलाच असतो. फक्त कोणी तो त्याला आधी सांगत नाही. या मुलीने मात्र तेवढ्या काळात एक गोष्ट टिपून ठेवली होती. रंगपटात तिला रंगवणारा म्हातारा बोटाच्या दोन फटकाऱ्यांत नऊ वर्षांच्या पोरीला संत कसा करतो, हे तिने आरशात रोज पाहिले होते. गेली तीन वर्षे आमच्या स्नेहसंमेलनातले सगळे चेहरे तीच रंगवते. आता तिला ही विद्या रीतसर शिकून दूरचित्रवाणीच्या मालिकांत काम करायचे होते.

मी लगेच उत्तर दिले नाही. मराठीच्या माणसाला अशा वेळी इतिहास आठवतो. ही खोड म्हणा.

आधी आठवली ती आमच्याच गावची कान्होपात्रा. शामा गणिकेची ही मुलगी. लहानपणापासून नाचगाणे शिकली, पण त्याचा जो उपयोग होणार होता तो तिने नाकारला आणि पंढरपूरच्या विठ्ठलाच्या पायाशी गेली, अशी कथा आहे. तिच्यावर ना. वि. कुलकर्णी यांनी लिहिलेले नाटक १९३१ साली रंगभूमीवर आले आणि आमची कान्होपात्रा झाले बालगंधर्व. जन्म १८८८ चा. म्हणजे वय त्रेचाळीस आणि भूमिका तरुणीची! हे कसे जमले याचे अर्धे श्रेय गळ्याला द्या; उरलेल्या अर्ध्यात रंगपटाचा वाटा मोठा आहे. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ, गंगावन, आणि शेवटी सगळे उतरवायला खोबरेल. जुन्या कंपनीचा संसार एवढ्याशा डब्यांत मावे.

ज्या मंडळीत बालगंधर्व नायिका होत, त्याच गंधर्व नाटक मंडळीत कोल्हापूरचा एक मुलगा कुमारवयात दाखल झाला होता. नट म्हणून तो तेथे मोठा झाला नाही. पुढे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकला आणि १९२९ साली चौघांबरोबर ‘प्रभात’ उभी केली. हे व्ही. शांताराम. १९३५ साली त्यांनी ‘धर्मात्मा’ काढला आणि त्यात एकनाथ केले कोणाला, तर बालगंधर्वांना. कंपनीतला पोर दिग्दर्शक होऊन मालकासमोर उभा राहिला, आणि जन्मभर लुगडे नेसलेल्या नटाला त्याने पुरुष संताच्या वेषात कॅमेऱ्यापुढे आणले. ‘गोपालकृष्ण’ (१९३८) मधला छोटा कृष्ण, राम मराठे, पुढे नामवंत गवई झाला, हे तर सर्वांना माहीत आहे.

फाळक्यांच्या घरातली गोष्ट त्याहून मनात रुतते. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. चित्रपट सुरू होतो तो तिच्या साध्या चेहऱ्यावर. ती हसते, रुसते, रागावते. आणि पाहता पाहता तो चेहरा कृष्णाच्या वेषात विरून जातो. रंगभूषेचा पहिला धडा मराठी माणसाने इतका मोकळेपणाने दुसरीकडे कोठे दाखवला असेल असे मला वाटत नाही. आणि साळुंके! उपाहारगृहात स्वयंपाक करणारा हा माणूस १९१३ साली तारामती झाला, १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही झाला, आणि पुढे कॅमेऱ्याच्या मागे जाऊन छायाचित्रणकार झाला. तो बालनट नव्हता हे खरे, पण पुढून मागे जाण्याची वाट त्यानेही चालून दाखवली.

एवढे सगळे मी त्या शेतकऱ्याला सांगितले नाही. थोडे सांगितले. ते ऐकत होते, पण पटत नव्हते. “ती सगळी बापईमाणसं, सर,” ते म्हणाले.

येथे मला गप्प बसावे लागले, कारण ते बरोबर बोलत होते. आपल्या धंद्याचा उफराटा न्याय पाहा. आधी पुरुष बायका होऊन रंगभूमीवर वावरले. बायका पडद्यावर आल्या तेव्हा त्यांचे चेहरे रंगवायला पुन्हा पुरुषच. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या संघटनेने बायकांना केशभूषेचे कार्ड द्यावे, रंगभूषेचे नाही, असा दंडक वर्षानुवर्षे चालवला. अमेरिकेत जाऊन शिकून आलेल्या चारू खुराना यांना त्यावरून सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने हा दंडक घटनाविरोधी ठरवून रद्द केला. ही मुलगी मुक्ताबाई होऊन गावोगाव फिरत होती, जवळपास त्याच सुमाराची ही गोष्ट.

“म्हंजी कोर्टानं सांगितलंय?” त्यांनी विचारले. बांधाच्या भांडणात ज्याने कोर्टाची पायरी झिजवली आहे, त्या माणसाला कोर्टाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आता मुलगी बोलू लागली आणि ती काय शिकून बसली आहे ते मलाही त्या दिवशी कळले. टेलिव्हिजन नवीन होते तेव्हा विलायतेत माणसाचे तोंड पांढरे आणि ओठ काळेनिळे रंगवीत, कारण त्या अंधुक चित्रात नाकडोळे दिसतच नसत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले ते कृष्णधवल. लाल ओठ तेथे करडेच. रंग आला १९८२ साली. आताचा कॅमेरा इतका बारीक पाहतो की पावडरीचा कणही लपत नाही. म्हणून रंग कमी, पण त्वचेशी तंतोतंत जुळणारा, आणि मानेला व हातांनाही तोच. दिव्याखाली कपाळ चमकले की प्रत्येक वेळी टिपायचे. मालिकेत आज पडलेली जखम उद्याच्या चित्रीकरणातही त्याच भुवईवर, तेवढीच सुजलेली हवी. म्हणून प्रत्येक प्रसंगाचे छायाचित्र काढून ठेवायचे. ब्रश धुवायचा तो एकाच्या त्वचेचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. “आणि सर,” ती म्हणाली, “लहान मुलं आली तर त्यांना आधी आरसा दाखवायचा. मला कोणी दाखवला नव्हता. पहिल्या दिवशी मी स्वतःलाच घाबरले होते.”

बाप तिच्याकडे पाहत राहिला. हे त्यांनाही नवे असावे.

मी विक्रम गायकवाडांचे नाव काढले. ‘बालगंधर्व’ या २०११ च्या चित्रपटात सुबोध भावे यांच्या चेहऱ्यातून त्यांनी बालगंधर्व उभे केले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. मे २०२५ मध्ये ते गेले. पडद्यावर त्यांना कोणी पाहिले नाही, पण त्यांचे काम सर्वांनी पाहिले. पोरीला हेच हवे आहे, असे मी म्हणालो. मात्र मुंबईत खोलीभाडे महाग, काम अनियमित आणि चित्रीकरणाचा दिवस लांब, हेही सांगितले. खोटी आशा दाखवणे मला जमत नाही, आणि तिच्यापुढे तर मुळीच नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. सौभाग्यवतींनी चहा आणला. पाहुण्यांनी बशीत ओतून तो संपवला, पिशवी माझ्याकडे सरकवली आणि मुलीकडे न पाहता विचारले, “त्या शिक्षणाला खर्च किती येतो, सर?”

उत्तर तिच्या वहीत तयार होते. फी, खोली, डबा, सामानाची पेटी, सगळे वेगळे वेगळे मांडून.