सायटेशनच्या पलीकडची ‘सहेली’

आठवड्याला एकच गोळी, आणि तिच्यात स्टेरॉइड संप्रेरक नाही. ‘सहेली’ १९९१ साली भारतात बाजारात आली, तेव्हा जगभरच्या रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांपुढे ही नवलाई होती. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, एवढाच तिचा नेम. तिच्यातलं औषध सेंटक्रोमॅन. ते घडलं लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, म्हणजे सीडीआरआयमध्ये, नित्या आनंद यांच्या पुढाकाराने. आनंद यांचा जन्म लायलपूरचा, पहिली पीएच.डी. मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेत के. वेंकटरामन यांच्याकडे, दुसरी केंब्रिजला. १९५१पासून ते सीडीआरआयमध्ये होते. जानेवारी २०२४मध्ये, वयाच्या ९९व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीतल्या एका प्रथिनाला, म्हणजे ग्राहीला, जाऊन चिकटतं. त्याने ग्राहीचा आकार पालटतो आणि ठरावीक जनुकं कामाला लागतात. सेंटक्रोमॅनचा रेणूही त्याच जागी बसतो. पण त्याला एक लांब शेपूट आहे, टोकाशी नायट्रोजन असलेलं. हे शेपूट बाहेर डोकावत राहतं आणि ग्राहीला नीट मिटू देत नाही. गर्भाशयाच्या अस्तरात इस्ट्रोजेनचा हुकूम चालेनासा होतो, गर्भ रुजत नाही. अंडाशयातून बीज बाहेर पडणं मात्र सहसा चालू राहतं. हाडांमध्ये हाच रेणू इस्ट्रोजेनसारखा वागतो. जागा बघून वागणाऱ्या अशा औषधांचा आता एक मोठा गट आहे. टॅमॉक्सिफेन आणि रॅलॉक्सिफेन त्यातलीच.

टॅमॉक्सिफेनची कथा नेमकी उलटी. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या डोरा रिचर्डसन यांनी १९६२ साली ते बनवलं, तेही गर्भनिरोधक शोधतानाच. उंदरांत गर्भधारणा थांबली. स्त्रियांमध्ये मात्र त्याने बीज बाहेर पडायला उलट चालनाच दिली. मग ते स्तनाच्या कर्करोगाकडे वळलं आणि जगभर गेलं.

औषध कर्करोगाचं झालं की त्यामागे रुग्णालयं, कंपन्या, चाचण्या आणि हजारो शोधनिबंध येतात. इस्ट्रोजेनच्या ग्राहीत रॅलॉक्सिफेन कसं बसतं, हे यॉर्कच्या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं. त्या निबंधाचे उल्लेख हजारोंच्या घरात आहेत. सेंटक्रोमॅनचे रसायनज्ञ साठच्या दशकात, असं चित्र हाताशी नसताना, उंदरांवरच्या चाचण्या पाहत रेणूची शेपटं बदलत होते. त्यांच्या निबंधांचे उल्लेख त्या मानाने फार थोडे.

सायटेशन, म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधात केलेला उल्लेख. संशोधकाचा एच-इंडेक्स ४० म्हणजे प्रत्येकी किमान ४० उल्लेख मिळालेले ४० निबंध. हा हिशोब प्रामाणिक आहे, पण त्यातून कळतं ते इतकंच, की पुढच्या संशोधकाच्या कामी काय आलं. पेटंट, मंजुरीसाठी भरलेले कागद, दवाखान्यात दिलेली पाकिटं यांचं खातंच या वहीत नाही. शिवाय एखादं ज्ञान सर्वांच्या अंगवळणी पडलं की मूळ निबंधाचं नाव घेणंही थांबतं.

म्हणून कमी सायटेशन नेहमीच अन्याय असतो असंही नाही. सेंटक्रोमॅनवरचे बहुतेक अभ्यास भारतातलेच आहेत. त्याच्याच एका आरशातल्या रूपाची, लेव्हॉर्मेलॉक्सिफेनची, डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने हाडांच्या विरळपणावर चाचणी केली. पण स्त्रियांमध्ये गर्भाशयाशी निगडित दुष्परिणाम दिसल्याने ती १९९८ साली थांबली. बाहेरच्या देशांतला आणखी डोळस तपास झाला असता, तर औषधाचे गुण आणि मर्यादा दोन्ही अधिक स्पष्ट झाल्या असत्या. उल्लेखांचा तुटवडा ही उणीव नेमकी दाखवतो.

सेंटक्रोमॅनचीच गोळी आज सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात ‘छाया’ नावाने मोफत मिळते. संशोधकाची बढती ठरवणाऱ्या समितीपुढे हा परिणाम मांडायचा कसा? संशोधनाचं मोल फक्त नियतकालिकाच्या आकड्यावर न ठरवता धोरण आणि व्यवहारावरचा प्रभावही पाहावा, असं २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने सांगितलं. औषधाच्या बाबतीत तर हा विचार टाळताच येणार नाही. कारण सीडीआरआयसारख्या संस्थेला सार्वजनिक पैसा मिळतो तो औषधं घडवण्यासाठी, उल्लेख जमवण्यासाठी नाही.