जुन्या मराठा तलवारींची अस्सलता : खरेदीपूर्व परीक्षणाचे निकष

प्रस्तावना
महाविद्यालयीन संग्रहासाठी जुनी तलवार घेण्याचा प्रसंग आल्यास 'मराठेकालीन' या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून चालत नाही. खोटी वस्तू संग्रहात आली की पैसा वाया जातोच, शिवाय विद्यार्थ्यांपुढे खोटा पुरावा ठेवला जातो. म्हणून परीक्षणाचे काही निकष प्रस्तुत लेखात मांडले आहेत.

एक उदाहरण
नागपूरकर पहिले रघूजी भोसले यांच्या नावाची तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील लिलावातून सर्व खर्चासह सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांस मिळविली. तिचे पाते युरोपीय बनावटीचे, मूठ मुल्हेरी घाटाची व पात्यावर देवनागरी लेख आहे. त्या लेखातच 'फिरंग' हा शब्द येतो. परदेशी पात्याला देशी मूठ बसविणे ही तेव्हाची रूढ पद्धती होती. तात्पर्य, पाते परदेशी म्हणून तलवार खोटी ठरत नाही, आणि केवळ देवनागरी लेख आहे म्हणून ती खरीही ठरत नाही.

परीक्षणाचे निकष
१) पाते : खऱ्या जौहरदार पोलादाची लहर धातूच्या अंगातच असते, आम्लाने उठविलेली नक्षी केवळ पृष्ठभागावर राहते. जुना गंज काळपट असून खोल मुरलेला असतो. कृत्रिम गंज बहुधा तांबूस व सर्वत्र सारखा दिसतो. गंजरोधक क्रोमियमयुक्त पोलाद विसाव्या शतकातील असल्याने ते आढळल्यास प्राचीनतेचा दावा संपतो. युरोपीय कारखान्यांच्या खुणांची नक्कल पूर्वीही होत असे. म्हणून केवळ खुणेवरून निर्णय करू नये.
२) मूठ : पात्याचे शेपूट मुठीत लाखेने वा राळेने बसवीत. मूठ पुढे बदललेली असू शकते. तो दोष नव्हे, परंतु त्याची नोंद हवी. आधुनिक वितळजोड किंवा कृत्रिम डिंक दिसल्यास संशय घ्यावा.
३) सोनेकाम : कोफ्तगरीत पृष्ठभागावर बारीक रेघा ओढून त्यांवर सोने ठोकून बसवितात. सोने झिजलेल्या जागी भिंगाखाली या रेघा दिसतात. विद्युत् मुलाम्यात त्या दिसत नाहीत.
४) लेख : अक्षरवळण, पदव्या व कालखंड यांचा मेळ बसतो का, हे मोडी व देवनागरीच्या जाणकाराकडून तपासावे.

कायदेशीर बाजू
पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू गणली जाते. तिच्या विक्रीच्या व्यवसायास परवाना आवश्यक आहे. विक्रेत्याचा परवाना, पावती व पूर्वस्वामित्वाची कागदपत्रे पाहिल्याविना व्यवहार करू नये.

निष्कर्ष
कोणताही एक निकष निर्णायक नाही. पाते, मूठ, लेख व कागदपत्रे यांची परस्परसंगती हीच अस्सलतेची कसोटी होय. धातूविषयी शंका उरल्यास पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्थेतील धातुशास्त्रज्ञांचा सल्ला घ्यावा. तोवर पाते घासून चकचकीत करू नये. कारण त्या घासण्यात पुरावाच नाहीसा होतो.