वाचनालय हलवताय? आधी मजला तपासा!

गावातलं वाचनालय नव्या इमारतीत न्यायचं ठरलं की सगळे आधी टेम्पोचं भाडं विचारतात. मंडळी, त्याआधी मजला किती भार पेलेल ते विचारा! आपल्याकडच्या आयएस 875 या मानकात राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात. ग्रंथालयाच्या कपाटांच्या दालनासाठी? किमान 600. म्हणून माझं मत तळमजल्याला, फक्त ओल नसावी.

पुस्तकं नगावर मोजू नका. फळीवर किती फूट जागा व्यापतात ते मोजा आणि वाढीसाठी जागा सोडा. खोकी लहानच घ्या (मोठ्यांचा तळ हमखास फाटतो), प्रत्येकावर कपाट आणि फळीचा क्रमांक लिहा. दाखल नोंदवहीशी पडताळणी जुन्या जागेतच उरका. वाळवी लागलेलं एकही पुस्तक नव्या फळीवर नको.

माणसांची चिंता? लॅटव्हियातल्या रीगा शहरात 18 जानेवारी 2014 रोजी कडाक्याच्या थंडीत सुमारे 14,000 लोकांनी साखळी करून राष्ट्रीय ग्रंथालयाची काही पुस्तकं हातोहात नव्या इमारतीत पोचवली. आपल्याला शाळेची दोन वर्गांची पोरं पुरतील.

तुमच्या गावचं वाचनालय हलवलं असेल, तर कसं जमवलं ते जरूर लिहा.