हेरांचा इतिहास

कल्याणहून कसाऱ्याच्या मार्गाने निघाले म्हणजे पहिले स्थानक लागते ते शहाड. या गावाजवळून उल्हास नदी वाहते आणि पुढे कल्याणच्या खाडीस मिळते. इ. स. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीच्या ताब्यातील कल्याण व भिवंडी ही ठाणी घेतली, आणि थोड्याच काळात या खाडीवर स्वराज्याची गलबते बांधली जाऊ लागली. ठाण्यात शिबंदी किती, नदीला उतार कोठे, नाक्यावरचा पहारा केव्हा ढिला पडतो, या गोष्टी कळल्यावाचून कोणी शहाणा सेनापती चाल करीत नाही. त्या कळतात हेरांकडून. परंतु अशा माणसांची नावे कागदावर सहसा येत नाहीत.

इतिहासकाराची खरी अडचण येथेच सुरू होते. राजा दानपत्रे देतो, कारकून हिशेब लिहितो, व्यापारी आपल्या धन्यास पत्रे धाडतो. त्या कागदांवरून त्यांचा इतिहास उभा करता येतो. हेर मात्र मागे काही ठेवीत नाही. जो पकडला गेला, त्याची हकीकत शत्रूच्या दप्तरात तरी सापडते. ज्याने जन्मभर कोणास संशय येऊ दिला नाही, तो मात्र दप्तरातूनही निसटतो. म्हणून इतिहासकार सर्वांत शूर हेर निवडीत नाही. ज्याच्याविषयी काही पुरावा उरला आहे, असा हेर त्यास निवडावा लागतो.

पुरावा पारखण्याची रीत जुनीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तपस्वी, व्यापारी, भिक्षुकी अशा नाना वेषांतील हेर वर्णिले आहेत. एका हेराने आणलेल्या बातमीवर राजाने एकदम विश्वास ठेवू नये; तीन हेरांचे म्हणणे जुळले म्हणजे मग ती खरी मानावी, असा नियम तेथे दिला आहे. अर्थात एकाने दुसऱ्याचे ऐकून सांगितले असेल, तर त्या जुळण्यास काही किंमत नाही. जुन्या कागदांना हाच नियम लावता येतो. दहा पुस्तकांत एकच गोष्ट असली, पण दहाही लेखकांनी ती एकाच बखरीतून घेतली असली, तर साक्षीदार एकच!

महाराष्ट्रात हेर म्हटला की बहिर्जी नाईक आठवतो. त्याचा मुख्य साक्षीदार म्हणजे कृष्णाजी अनंत सभासद. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्याने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे आपली बखर लिहिली. बहिर्जी जाधव या महाराजांच्या जासुदाने सुरतेची बातमी आणली आणि तेथे अपार द्रव्य मिळेल असे सांगितले, असे तो लिहितो. सभासद महाराजांच्या काळचा माणूस, ही त्याची जमेची बाजू. परंतु सुरतेवरील स्वारी १६६४ च्या जानेवारीतली. म्हणजे हे लेखन सुमारे ३३ वर्षांनंतरचे. शिवाय त्याच्या बखरीत प्रसंगांचा क्रम काही ठिकाणी चुकलेला आहे.

तेव्हा दुसरा साक्षीदार शोधावा लागतो. सुरतेस इंग्रज व डच यांच्या वखारी होत्या, आणि त्या दिवसांत तेथे असलेल्या इंग्रजांची पत्रे आज उपलब्ध आहेत. शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, वीरजी व्होरा या सावकाराचा वाडा लुटला गेला, रहिवाशांचे फार हाल झाले, हे सारे त्यांवरून कळते. हे हालही इतिहासकाराने लिहिलेच पाहिजेत. नाहीतर ती नुसती गौरवगाथा होईल. त्या पत्रांत बहिर्जीचे नाव नाही, आणि ते असणार तरी कसे? मग, मोठमोठे वाडे नेमके हेरले गेले, यावरून आधी कोणी शहर पाहून गेले होते, असे अनुमान करावे काय? करावे, पण जपून. वीरजी व्होरा इतका विख्यात होता की, त्याचा वाडा रस्त्यावरच्या पोरानेही दाखविला असता.

सभासदाच्या बखरीत बहिर्जी आणखी एकदा भेटतो. १६७९ मध्ये जालना लुटून परतताना मोगल फौजेने महाराजांस संगमनेरच्या वाटेवर गाठले. त्या वेळी बहिर्जीने आडवाटांनी तीन दिवस व तीन रात्री चालवून फौज पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेली. पुढे त्या किल्ल्याचे नाव विश्रामगड पडले. येथे तर हेराचे सारे मर्म दिसते. शत्रूची बातमी जशी त्याच्या डोक्यात असे, तशी आपल्या मुलखातली प्रत्येक खिंड, प्रत्येक पाणवठाही असे. गुप्त संदेशांच्या रंगतदार कथांहून हा एक प्रसंग अधिक सांगून जातो.

बहिर्जी फकीर होई, गोसावी होई, शत्रूच्या दरबारात उजळ माथ्याने वावरे, अशा गोष्टी घरोघर सांगतात. सभासदाच्या त्या मोजक्या वाक्यांत त्यांचा मागमूस नाही. म्हणून त्या खोट्याच, असेही म्हणता येत नाही. हेराने वेष पालटणे ही तर नित्याची गोष्ट. इतिहासकार त्या टाकून देत नाही, पण बखरीच्या पंक्तीसही बसवीत नाही. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर एक समाधी आहे. ती बहिर्जीची म्हणून लोक दाखवितात, तिला फुले वाहतात. इतिहासकारही तेथे जातो, गड फिरून पाहतो, गावातील म्हाताऱ्यांचे बोलणे टिपून घेतो. आणि लिहिताना वाक्याच्या शेवटी ‘असे सांगतात’ एवढे शब्द जोडतो.