नोकरीला बांधलेला विमा

अमेरिकेत आजारपणाचा खर्च कोण उचलणार, हे बहुतेक घरांत नोकरी कुठे आहे यावर ठरते. ही व्यवस्था कुणी विचार करून उभारलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने पगारवाढ रोखली. कामगार तर टिकवायचे होते, म्हणून त्या बंधनातून सुटलेला आरोग्य विमा कंपन्यांनी पुढे केला. १९५४ च्या करकायद्याने कंपनीने भरलेल्या हप्त्यावरची करमाफी पक्की केली आणि युद्धकाळातली पळवाट राजरस्ता झाली. आज १५ कोटींहून अधिक लोक त्याच रस्त्याने चालतात. २३ मार्च २०१० रोजी बराक ओबामांनी सही केलेल्या कायद्याने, म्हणजे ‘ओबामाकेअर’ने, हा रस्ता नीट डांबरी केला, पण बदलला नाही.

डांबरीकरणही लहानसहान नव्हते. मुलांना आईवडिलांच्या विम्यात २६ व्या वर्षापर्यंत राहता येऊ लागले. आयुष्यभरात अमुक रकमेपलीकडे पैसे देणार नाही, ही अट गेली; कॅन्सरसारख्या लांबलेल्या आजारात ऐन उपचारांच्या मध्यावर तिचा फटका बसत असे. जुन्या आजाराचे कारण सांगून विमा नाकारता येईना, आणि नव्या कर्मचाऱ्याला विम्यासाठी ९० दिवसांहून जास्त थांबवता येईना. ५० किंवा अधिक पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या कंपनीने विमा दिला नाही तर दंड. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ३० तास. त्यामुळे काही मालकांना माणसाला २९ तासांवरच ठेवण्याचा मोह झाला, हे खरेच.

खरी गोम मात्र दुसऱ्याच कलमात आहे. कायद्याने सरकारी अनुदानासह विमा विकणारे खुले बाजार उभे केले, पण कंपनी ‘परवडणारा’ विमा देऊ करत असेल तर त्या कर्मचाऱ्याला तिथले अनुदान मिळत नाही. परवडणारा म्हणजे सुरुवातीच्या हिशेबात उत्पन्नाच्या ९.५ टक्क्यांच्या आत. त्यातही कित्येक वर्षे फक्त एकट्या कर्मचाऱ्याचा हप्ता मोजला जाई. बायकोमुलांचा हप्ता घर बुडवणारा असला तरी कागदावर तो विमा परवडणाराच! ही चूक दुरुस्त व्हायला २०२३ उजाडले.

कंपन्या विमा सोडून दंड भरतील, अशी भीती विरोधकांनी घातली होती. तसे मोठ्या प्रमाणावर घडले नाही. करमाफी आणि माणसे टिकवण्याची गरज दंडापेक्षा भारी पडली. दुसरा आक्षेप हप्ते वाढल्याचा. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या पाहणीत कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २००० साली ६,४३८ डॉलर होता, २०१० साली १३,७७० आणि २०२० साली २१,३४२. म्हणजे कायद्याआधीच्या दशकात तो दुपटीहून जास्त झाला, नंतरच्या दशकात सुमारे ५५ टक्के वाढला. या मंदावण्याचे सगळे श्रेय कायद्याला देणे भाबडेपणाचे होईल, पण वाढीचा सगळा दोष त्याच्या माथी मारणे त्याहून चुकीचे. २०२४ मध्ये हा हप्ता २५,५७२ डॉलर झाला. त्यातले ६,२९६ कर्मचाऱ्याच्या पगारातून उघड कापले गेले. उरलेले कंपनी भरते असे म्हणतात, पण अर्थशास्त्री सहसा तेही न दिलेला पगारच मानतात. महागड्या विम्यावर ४० टक्के कर लावून नोकरी आणि विम्याची ही गाठ सैल करण्याची एक तरतूद कायद्यात होती. मालक आणि कामगार संघटना दोघेही तिच्याविरुद्ध उभे राहिले. तो कर दोनदा पुढे ढकलला गेला आणि डिसेंबर २०१९ मध्ये लागू होण्याआधीच रद्द झाला.

गाठीचा काच नोकरी गेल्यावर कळतो. १९८६ च्या ‘कोब्रा’ कायद्याने जुना विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के स्वतःच्या खिशातून भरून. ओबामाकेअरने इथे खुल्या बाजाराचा दुसरा दरवाजा दिला, आणि तो एच-वन-बी व्हिसावरच्या मराठी इंजिनिअरलाही उघडा आहे. विमा सुटल्यापासून ६० दिवसांत तिथे नवा घ्यायचा. नोकरी सुटल्यावर त्या व्हिसावर देशात राहण्याची सवलतही जास्तीत जास्त ६० दिवसांचीच.